बेभरवशाच्या जादूविषयी, नव्या डीएमला पत्र

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे घेऊन गोष्ट खेळण्याच्या खेळात तू डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी, झालीस, चार सेशन झाली, पाचही खेळाडू टिकून आहेत, सगळ्यांची पात्रे तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीला, पोहोचली आहेत आणि आता त्या पडक्या गढीच्या तळघरात त्यांना 'डेक ऑफ मेनी थिंग्ज' हा जादूच्या पत्त्यांचा कॅट सापडावा असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मला आनंदही झाला आणि काळजीही वाटली. आनंद यासाठी, की ज्या डीएमला अनिश्चिततेची ओढ वाटत नाही त्याच्या टेबलावर खेळ लवकर शिळा होतो. काळजी कशाची, ते सविस्तर लिहितो. तू 'देऊ की नको' एवढेच विचारले आहेस, पण त्याचे उत्तर एका शब्दात देण्यासारखे नाही.

हा पत्त्यांचा कॅट या खेळाइतकाच जुना आहे म्हटले तरी चालेल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली आला आणि पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणीत हे पत्ते छापले गेले. तुझ्याकडे 2014 सालची पाचवी आवृत्ती आहे. तिच्यानुसार बहुतेक कॅटांत 13 पत्ते असतात आणि थोड्यांत 22. ओढण्याआधी किती पत्ते ओढणार ते जाहीर करावे लागते आणि तेवढे ओढले नाहीत तर उरलेले पत्ते आपोआप उडून एकदमच लागू होतात. तेरा पत्त्यांच्या कॅटात सहा पत्ते उघडउघड वाईट आहेत, आणि त्यांतला 'व्हॉइड' हा काळा पत्ता ज्याच्या हाती येतो त्याचा आत्मा शरीरातून ओढला जाऊन दूर कुठेतरी पहाऱ्यात बंद होतो. शरीर मागे निश्चेष्ट पडून राहते, आणि इच्छा पुरी करणाऱ्या 'विश' मंत्रानेही आत्मा परत आणता येत नाही, फक्त त्याचा ठावठिकाणा कळतो. आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब कर. पाच जणांनी प्रत्येकी एकच पत्ता ओढला, तरी कुणा ना कुणाला 'व्हॉइड' लागण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांश आहे. प्रत्येकी दोन ओढले, तर ती निम्म्याहून अधिक होते. म्हणजे दुसऱ्या फेरीचा मोह कुणाला आवरला नाही, तर तुझ्या पाच माणसांपैकी एकजण पुढच्या रविवारी खेळायला नसण्याचीच शक्यता जास्त.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, सात महिने रंगात आलेल्या एका मोहिमेत मी हाच कॅट ठेवला होता. आमच्यातल्या एका मुलाने आपल्या पात्राची एक जाड वही भरली होती. गावाचा नकाशा, आईने शिवलेला झगा, धाकट्या भावाशी झालेले भांडण, सगळे तिच्यात होते. त्याने एकच पत्ता ओढला आणि तो 'व्हॉइड' निघाला. टेबलावर क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्यापाशी काहीही तयार नव्हते. आत्मा कुठे आहे, त्याच्यावर पहारा कुणाचा, तिथवर पाचव्या लेव्हलची माणसे पोहोचणार कशी, यांपैकी एकाही प्रश्नाचा विचार मी केलेला नव्हता, कारण तो पत्ता निघेल असे मला मनातून वाटतच नव्हते. तो मुलगा पुढचे तीन रविवार येऊन बसला, इतरांचे खेळणे पाहत राहिला आणि चौथ्या रविवारी आला नाही. त्याची वही माझ्याकडेच राहिली. चूक फाशांची किंवा पत्त्यांची नव्हती. जी गोष्ट निभावून नेण्याची माझी तयारी नव्हती, ती मी नशिबाच्या हवाली केली होती.

म्हणून माझे सांगणे असे, की कोणतीही बेभरवशाची वस्तू टेबलावर आणण्याआधी तिच्या परिणामांच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाच आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून स्वतःला विचार, 'हीच ओळ निघाली तर पुढच्या रविवारी सकाळी मी काय सांगणार?' ज्या ओळीचे उत्तर तुला सुचत नाही, ती खोडून टाक किंवा तिच्या जागी तुला पेलेल असे काही लिही. छापील तक्ता पवित्र नाही. तेरा पत्त्यांपैकी 'व्हॉइड' काढून बाराच ठेवलेस, तर खेळाचा कसलाही अपमान होत नाही. उलट 'व्हॉइड' ठेवायचाच असेल, तर आत्मा कुठल्या बुरुजात आहे, तिथे जाण्याची वाट कोणती आणि तोवर त्या खेळाडूने कुठले पात्र चालवायचे, हे आधी लिहून ठेव. बावीस पत्त्यांच्या कॅटातला 'बॅलन्स' मात्र मी कधीच ठेवत नाही, कारण तो पात्राची नैतिक वृत्तीच उलटी करतो. सोने, किल्ला, तलवार, फार तर एखादा हात जादूने हिरावून घ्यावा, पण आपले पात्र कसे विचार करते हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूचा आहे आणि तो त्याच्या संमतीशिवाय पत्त्याच्या स्वाधीन करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता तुझ्या टेबलाला आज काय शोभेल ते सांगतो. तिसऱ्या लेव्हलला 'बॅग ऑफ ट्रिक्स' द्यावी. त्या पिशवीत हात घातला की केसाळ गोळा हाती लागतो, तो फेकला की त्यातून प्राणी उभा राहतो. करड्या पिशवीतून मुंगसासारखा दिसणारा एवढासा वीझलही निघतो आणि भलामोठा, सांबरासारखा एल्कही. दिवसातून तीनदाच गोळा काढता येतो आणि दुसऱ्या पहाटे प्राणी नाहीसे होतात. फजिती झाली तरी ती पहाटेपर्यंतचीच, त्यामुळे खेळाडूंना अनिश्चिततेची सवय लागते आणि तुलाही. यावर अधिक लिहीत नाही. ही पिशवी स्वतःच स्वतःला सांभाळते.

'वाँड ऑफ वंडर' ही फाशावर परिणाम ठरणारी कांडी देण्याआधी मात्र दोन सेशन थांब. तिच्या एक ते शंभरच्या तक्त्यात दहा आकडे फायरबॉलचे, म्हणजे आगीच्या स्फोटाचे, आहेत. सहा बाजूंचे आठ फासे म्हणजे सरासरी 28 नुकसान, आणि तुझ्या विझर्डचे, म्हणजे मांत्रिक पात्राचे, हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) विसाच्या आसपास असणार. आपल्याच सोबत्याजवळ उभ्या असलेल्या शत्रूवर कांडी रोखली आणि फायरबॉल निघाला, तर सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, फसलेला सोबती जागीच कोसळेल. तरीही पाचव्या लेव्हलच्या पुढे मला ही कांडी फार प्रिय आहे, त्याचे कारण एका प्रसंगाने सांगतो. आमची मंडळी एका दरीवरच्या दोरखंडाच्या पुलावर अडकली होती. पलीकडच्या काठावर राक्षसी ऑर्क तिरंदाज, मागे परतीची वाट बंद. सॉर्सररने, म्हणजे जादूगार पात्राने, कांडी पुलाच्या मध्याकडे रोखली, फासे पडले आणि 48 आकडा आला, म्हणजे मोठाली 600 फुलपाखरे. तीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात काहीच दिसेनासे झाले, आणि तेही दहा मिनिटांसाठी. पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे पडले. मग आमच्यातली सर्वांत अबोल खेळाडू म्हणाली, 'आपल्याला दिसत नाही, तसे त्यांनाही दिसत नसेल ना?' मी 'नाही' म्हणालो. त्यानंतर ती पाच माणसे दोर हातात धरून, पंखांच्या फडफडाटात, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, फळी चाचपत पुढे सरकली, आणि प्रत्येक फळीला मी थांबून ती करकरली की नाही ते सांगत होतो. फायरबॉल निघाला असता, तर लढाई दोन मिनिटांत संपली असती आणि आज कुणाला आठवलीही नसती.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घे. कांडी चालवण्याचा निर्णय खेळाडूने, काय होऊ शकते हे ठाऊक असताना घेतला होता. आणि निघालेला परिणाम मी तसाच स्वीकारला, 'चला, त्यातून वाट दिसू द्या' म्हणून तो पातळ केला नाही. 'व्हॉइड'च्या त्या प्रसंगानंतर काही महिने मी घाबरून उलटे करत होतो. डीएमपुढच्या पडद्याआड फासा वाईट पडला की आकडा बदलून सांगत होतो. खेळाडूंना ते कळते. पडद्याआडचा हात दिसत नसला, तरी आपल्याला कधीच काही होत नाही हे त्यांच्या ध्यानात येते, आणि मग कांडी हाती घेताना कुणाचा श्वास अडखळत नाही. म्हणून अशा वस्तूचा फासा पडद्याआड टाकूच नकोस. तो टेबलाच्या मध्यभागी, ज्याने वस्तू वापरली त्यालाच टाकू दे.

आणखी एक दंडक आमच्या टेबलावर आहे, तो तूही पाळ. ज्या वस्तूचा परिणाम इतरांवर होऊ शकतो, ती वापरणाऱ्याने तसे मोठ्याने सांगायचे आणि बाकीच्या पात्रांना त्यावर काही करण्याची एक संधी मिळायची. कुणी दूर पळेल, कुणी त्याचा हात धरेल, कुणी काहीच करणार नाही. एकाच्या कुतूहलाची किंमत चौघांनी न विचारता मोजावी लागली, की तो राग पात्रांपुरता राहत नाही, तो घरी जाताना दुचाकीवरही सोबत असतो.

'चकव्याचा कंदील' ही तुझी स्वतःची कल्पना मला या सगळ्यांपेक्षा अधिक आवडली. कोकणातल्या रानात चकवा लागून माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो, या समजुतीवरून तुला वाट दाखवणारा आणि वाट चुकवणाराही कंदील सुचावा, हे मला फार मोलाचे वाटते. फक्त तू त्याचा तक्ता वीस बाजूंच्या फाशावर बेतला आहेस, तो बदल. त्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखीच, म्हणजे शंभरात पाच इतकी संधी असते. त्यामुळे पाऊण तास उशीर होणे आणि थेट प्रेतांच्या जत्रेत जाऊन पोहोचणे ही दोन्ही तितकीच संभाव्य ठरतात, आणि कंदिलाला काही स्वभावच उरत नाही. त्याऐवजी दोन साधे फासे एकत्र टाकायला सांग. त्यांची बेरीज सात 36 पैकी 6 वेळा येते, दोन किंवा बारा प्रत्येकी एकदाच. सहा, सात आणि आठ मिळून 16 वेळा. या मधल्या तीन आकड्यांवर कंदिलाचे रोजचे वागणे लिही. वाट सापडते पण वळसा पडतो, किंवा ज्योत एकाच दिशेला झुकते पण का ते कळत नाही. दोनावर तुला जे सर्वांत भयाण वाटते ते ठेव, बारावर जे सर्वांत सुंदर वाटते ते. मग आठ-दहा वेळा कंदील पेटवल्यावर खेळाडू म्हणू लागतील, 'हा असाच आहे,' आणि ज्या रात्री दोन पडतील त्या रात्री त्यांना खरोखर धक्का बसेल.

याच्या पुढचे पाऊल असे, की त्या स्वभावावर खेळाडूंना थोडा ताबा मिळू दे, पण तो त्यांनी शोधून काढला पाहिजे. समज, करंजेल घातले तर बेरजेत एक मिळवायचा आणि गोडेतेल घातले तर एक वजा करायचा. हे त्यांना सांगू नकोस. करंजेलाचा कडवट वास, गोडेतेलावर ज्योतीचे तडतडणे, एवढेच वर्णन दर वेळी न चुकता कर. कुणीतरी वहीत टिपून ठेवेल, तीन सेशननंतर ताडून पाहील आणि बाजारात करंजेल शोधायला निघेल. नुसत्या सोडतीत आणि अशा वस्तूत हाच फरक आहे. सोडतीत माणूस वाट पाहतो, इथे तो विचार करतो.

वर आणि वचने देणाऱ्या वस्तूंबाबत एकच सावधगिरीची सूचना. त्या कॅटातल्या 'मून' पत्त्याने मिळणाऱ्या इच्छा आणि 'व्हिझियर' पत्त्याने मिळणारे खरे उत्तर, जे वर्षभरात केव्हाही मागता येते, ही दोन्ही तुझ्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. कैकेयीने दोन वर लगेच मागितले नाहीत आणि दशरथाने ते मनाच्या कोपऱ्यात पडू दिले. पुढे काय झाले ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राखून ठेवलेली इच्छा ज्या दिवशी वापरली जाते, त्या दिवशी डीएमची तयारी सहसा दुसऱ्याच कशाची तरी असते.

तर येत्या रविवारी गढीच्या तळघरात करडी पिशवी ठेव आणि तिच्या शेजारी, कोनाड्यात, काजळी धरलेला कंदील. पत्त्यांचा कॅट तुझ्या कपाटातच राहू दे. मंडळी नवव्या-दहाव्या लेव्हलला पोहोचली, की आपण दोघे बसून बावीसच्या बावीस पत्ते एकेक करून पाहू. तोवर कंदिलाचा नवा तक्ता, दोन ते बारा, शुक्रवारपर्यंत मला पाठव. वात सुताची आहे की चिंधीची, तेही त्यात लिही, कारण तुझ्या पाचांपैकी कुणीतरी ते विचारणारच.

तुझा,
दादा