दादा तीन वर्षं घरी बसलाय, त्याला कामाला कसं लावू?

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची, पुण्यात येरवड्यात राहते. दादा 29चा, बारावी नापास. आधी कुरिअरचं काम करायचा, ते सुटलं तेव्हापासून तीन वर्षं घरीच आहे. मधे एका क्लासला आईने उसने काढून पैसे भरले, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले होते, हातात आलं फक्त सर्टिफिकेट. आता तो मित्रांचे फोनही उचलत नाही. महापालिकेचं लाईटहाउस म्हणून काहीतरी आहे असं ऐकलं, तिथे खरंच काही होतं का की परत तेच?

उत्तर : अगं, क्लासचा राग डोक्यात असणारच, पण हे प्रकरण जरा वेगळं आहे. लाईटहाउस म्हणजे तरुणांना कौशल्य शिकवून नोकरीला लावायचं सेंटर, त्यातलं पहिलं 2016ला औंधमध्ये सुरू झालं. जागा महापालिकेची, चालवते सामाजिक संस्था आणि पैशाचा बराच भार कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, उचलतो, म्हणजे तिघांनी मिळून ओढलेला गाडा. मला त्यातलं आवडतं ते हे की आल्या आल्या टॅली नाहीतर ब्युटीपार्लर गळ्यात मारत नाहीत. आधी काही आठवडे नुसतं बोलणं, गटात बसणं, आपल्याला काय जमतं ते बघणं, कोर्स त्यानंतर. तीन वर्षं घरात बसलेल्या माणसाला सकाळी आंघोळ करून कुठेतरी वेळेवर पोचायची सवयच गेलेली असते, आणि दादाला आधी तीच परत लागायला हवी. वयाची अट असते आणि तो 29चा, म्हणून याच आठवड्यात विचारून ये.

जाशील तेव्हा कोर्स कोणता हे नंतर विचार. आधी हे विचार की कुठली कंपनी घेते, शिफ्ट कितीची असते आणि जॉइन झाल्यावर महिनाभराने तुमच्याकडून फोन करतं कोण. याची उत्तरं गुळमुळीत आली तर समजून जा, सेंटर कोणाचंही असो.

हे एवढं ठासून का सांगते, तर आमच्या गल्लीतल्या एका पोराला हिंजवडीत हाउसकीपिंग सुपरवायझरचं काम लागलं, दोन बस बदलून सातची शिफ्ट गाठायची. एक तारखेला जॉइन झाला, पगार पुढच्या महिन्याच्या दहाला, म्हणजे चाळीस दिवस खिसा रिकामा. त्यात त्यांनी काळे बूट सांगितलेले. पोरगं चार दिवस मामाचे बूट घालून गेलं, टाचा सोलल्या, पाचव्या दिवशी गेलंच नाही आणि सगळे म्हणाले आळशी आहे. शेवटी बचत गटातल्या बायकांनी बूट आणि बसचा पास काढून दिला, एक काकू कंपनीच्या गेटपर्यंत सोडायला गेली, तेव्हा कुठे टिकला. म्हणून दादासाठी आधी येरवड्याजवळच्या विमाननगर-खराडीकडचंच काम बघ, मॉल आहेत, ऑफिसं आहेत, पगार हजार दोन हजार कमी असला तरी चालेल.

आणि हो, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं तुला कोणीतरी सांगेलच, 2024ला आलेली, कामावर शिकताना बारावी पासला महिना 6 हजार विद्यावेतन, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीधराला 10. बारावी पासपासून सुरू होते म्हणजे दादा दारातच कटला! ज्याला जास्त गरज तो एक पायरी खाली, आपल्याकडच्या योजनांचं हे नेहमीचंच. राहिलेले विषय सोडवले तर तेही दार उघडेल, पण आत्ता त्याच्या मागे नको लागू. औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये मात्र दहावीवर काय मिळतं ते विचार.

प्रश्न : माझी जाऊ 48 वर्षांची, शिक्षण चौथी. धुण्याभांड्याची कामं सुटली. या वयात कोण घेणार?

उत्तर : वहिनी, ‘स्वच्छ’ नावाच्या संस्थेत चौकशी करा. कागद वेचणाऱ्या बायकांनी 1993ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली, त्यातूनच ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008ला महापालिकेशी करार झाला. घराघरातून कचरा गोळा करायचा, लोक महिन्याला पैसे देतात, सुका माल विकून वरकमाई, आणि संस्थेच्या मालक त्याच बायका. वय-शिक्षण कोणी विचारत बसत नाही, पण काम अंगमेहनतीचं आहे, गुडघे दुखत असतील तर चौथा मजला जिन्याने रोज चढवणार नाही हे आधीच ठरवा. जागा तुमच्याच भागात असेल असं नाही, तेव्हा ऑफिसवर एकदा जाऊन बसा. त्याआधी सोसायटीत सकाळी येणाऱ्या ताईला थांबवून चहा पाजा, खरं काय ते तीच सांगेल.