समुद्र न पाहिलेली पोरगी आणि पाण्यातला डीएनए

लाखांदूर तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, जीवशास्त्र घेऊन. शाळेत तिने कुठेतरी पाहिलं की समुद्राचं बाटलीभर पाणी तपासून त्यात कोणकोणते जीव राहतात ते सांगता येतं, आणि तेव्हापासून तिने तेच शिकायचं धरलं आहे. वडील लिहितात, “आम्ही ढिवर. मामा तलावावर (मालगुजारांच्या काळच्या जुन्या तलावावर) फक्त मासे धरतो. पोरीनं समुद्र डोळ्यानं पाहिला नाही. लोक म्हणतात नर्सिंगला टाका, लवकर हाताशी येईल. हे डीएनएचं खरं आहे का? यात पोट भरते का?”

भाऊ, नमस्कार.

खरं आहे. तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. मरळ हातात धरली की हाताला जो चिकट बुळबुळीतपणा लागतो, तो ती पाण्यातही सोडत असते. खवले, विष्ठा, अंगावरच्या सुट्या पेशी, सगळं पाण्यात मिसळतं आणि त्या प्रत्येक पेशीत त्या माशाचा डीएनए असतो. मासा दिसला नाही, जाळ्यात आला नाही, तरी तो इथे आहे किंवा नुकताच होता हे त्या डीएनएवरून कळतं. 2008 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी डबक्यांच्या पाण्यावरून तिथे बाहेरून आलेला अमेरिकन बुलफ्रॉग हा बेडूक शोधून दाखवला. म्हणजे पाण्यावरून मोठा प्राणी शोधायची ही रीत आधी गोड्या पाण्यात, तुमच्या तलावासारख्याच ठिकाणी रुळली. समुद्र मागून आला.

हे काम मी एकदा तळ्याच्या पाळीवर बसून पाहिलं आहे. पावसाळ्याचे दिवस, पाणी गढूळ. एक संशोधक मुलगी मोठ्या सिरिंजने पाणी एका गाळणीतून ढकलत होती. गाळणीची छिद्रं 0.45 मायक्रॉनची, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्धा लिटरही गेलं नसेल, तर गाळणी चहासारखी होऊन बंद पडली. तिने हातमोजे बदलले, चिमट्याने गाळणीतला गोल कागद उचलून अल्कोहोलच्या छोट्या नळीत बुडवला, नळीवर जागा आणि वेळ लिहिली, आणि नवी गाळणी लावली. दुपारपर्यंत हेच. शेवटी तिने घरून आणलेलं शुद्ध पाणीही तसंच गाळलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, “यात माशाचा डीएनए निघाला तर आमचेच हात खराब होते, आजचं सगळं फेकायचं.” ही शिस्त ज्याला जमते त्याला हा विषय जमतो. तुमच्या मुलीच्या स्वभावात ती आहे का, हे तुम्हीच पाहू शकता.

पुढचं प्रयोगशाळेत. गाळणीवरचा डीएनए काढतात, पीसीआर नावाच्या प्रक्रियेने त्यातल्या एका छोट्या तुकड्याच्या लाखो प्रती करतात, मग त्यातली अक्षरं, म्हणजे डीएनएच्या साखळीतले घटक, ओळीने वाचून संगणकावरच्या नोंदवलेल्या जातींच्या संग्रहाशी जुळवतात. माशांसाठी जपानी संशोधकांनी 2015 मध्ये सुचवलेला तुकडा जगभर वापरतात, तो जेमतेम 170 अक्षरांचा आहे. युनेस्कोने 2022-23 मध्ये 21 सागरी वारसास्थळांवर स्थानिक लोकांना आणि शाळकरी मुलांना हाताशी धरून असंच पाणी गाळून घेतलं, आणि त्यातून 4 हजारांहून जास्त जातींचा पत्ता लागला.

आता तुमच्या पत्रातल्या ‘फक्त’बद्दल. तो शब्द मला लागला, म्हणून थोडं लांबवतो.

यंत्र अक्षरं वाचतं, मासा ओळखत नाही. संग्रहात ज्या जातीचा डीएनए नोंदवलेलाच नाही, ती पाण्यात असूनही निकालात नावाने येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जातींची ही नोंद अजून व्हायची आहे. ती करायला कोणीतरी मासा हातात घेऊन ‘हा अमुकच’ असं खात्रीने सांगावं लागतं. मग त्याच्या पोहायच्या पराचा तुकडा कापून डीएनए वाचतात. दुसरं, निकाल फसवतोही. किनाऱ्यावरच्या खानावळीचं सांडपाणी खाडीत गेलं की सुरमई खाडीत राहत नसतानाही यादीत येते. प्रवाहाने डीएनए लांबून वाहून येतो. मासा केवढा, अंड्यावर आलेला की पिल्लू, हे डीएनए सांगत नाही, आणि नेमके किती आहेत हेही नाही. यादी हातात आल्यावर “हा मासा इथे, या दिवसांत? शक्यच नाही” असं म्हणणारा माणूस लागतो. कोणता मासा गाळात बसतो, कोणता पहिल्या पावसात धारेला चढतो, हे तुमच्या मुलीने डोंग्यात बसून पाहिलं आहे. शहरातली हुशार मुलं हे शिकायला वर्षं घालवतात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की तिने आधी बीएफएससी करावं, मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय नागपुरातच आहे. रत्नागिरीचं कॉलेज दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि तिथे समुद्र दाराशी. नुसती बीएससी बायोटेक घेऊन पुढे अडकलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत. बीएफएससीनंतर संशोधनाचं जमलं नाही, तरी मत्स्यव्यवसाय विभागातल्या जागा, मत्स्यबीज केंद्र, बँका हे रस्ते उघडे राहतात. जमलं तर मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चिलिका सरोवरात पाण्यातल्या डीएनएवर काम केलं आहे, ते नाव तिला सांगून ठेवा. आणि पदवी करतानाच तिने संगणकावर पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी, कारण या कामाचा अर्धा दिवस स्क्रीनसमोर जातो.

पोट भरण्याचं खरं सांगतो. घाई असेल तर हा रस्ता नाही. पदवी चार वर्षं, एमएफएससी दोन, पुढे पीएचडी. नेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37 हजार रुपये आणि घरभाडं मिळतं, पण मधली वर्षं तंगीची असतात आणि प्रकल्पावरची नोकरी प्रकल्पाबरोबर संपते. नर्सिंग चांगलं काम आहे, लवकर हाताशी येतं हेही खरं. घरात आजारपण किंवा कर्ज असेल तर तो निर्णय चुकीचा नाही. पण ‘लोक म्हणतात’ एवढ्यासाठी तिला तिकडे ढकलू नका. मन नसताना रात्रपाळ्या निघत नाहीत.

आत्ता लगेच करायचं ते वेगळंच आहे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज केला नसेल तर याच आठवड्यात करा. त्याला महिने लागतात, आणि त्याच्यापायी हातातली जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. प्रवेशाची सीईटी कोणती आणि तारखा काय, हे विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा, गावातल्या नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि तिला एक वही द्या. जाळ्यात येणारा प्रत्येक मासा, त्याचं तुमच्या बोलीतलं नाव, कुठे मिळाला, कोणत्या महिन्यात, पाणी कसं होतं, असं लिहायला सांगा. नावं तुम्ही सांगा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पुढचं पत्र मात्र तिचं येऊ द्या, वहीतल्या एका पानाच्या फोटोसकट.