सहावी-सातवीला दगड शिकवायचे तर

पहिल्याच तासाला अग्निजन्य-स्तरित-रूपांतरित असा तक्ता फळ्यावर काढू नकोस. टेबलावर चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा, गोव्यातल्या डिचोलीकडचं लोहखनिज आणि नदीतली गारगोटी ठेव. डोळे बांधून हाताने ओळखायचं, एवढाच खेळ. सारख्या आकाराचे तुकडे घे, म्हणजे लोहखनिजाचं वजन पोरांना लगेच जाणवतं. सुका चिरा पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात. छिद्रं वेगळी समजावावी लागत नाहीत. खाणीत ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो, हेही तिथेच सांगून टाक.

दोन तास मात्र वाळूला दे. कोरडी वाळू ओतली की ढिगाचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवर थांबतो. कोनमापक मुलांच्याच हातात दे. मग ओलसर वाळूचे बुरूज: एका गटाचा नुसता, दुसऱ्याच्या थरांमध्ये गोणपाटाच्या पट्ट्या. वर एकेक वीट ठेवत जा, पण आधी अंदाज वहीत लिहून घे, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात ‘मला ठाऊक होतं’. शेवटी झारीने ‘पाऊस’ पाड. बुरूज ढासळला की विचार, रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतींना भोकं का ठेवतात?

उत्तर लगेच सांगू नकोस. आणि वाळू बांधकामावरची, चाळून घे.