टीव्हीवरील काल्पनिक बँडची गाजलेली गाणी प्रत्यक्षात कोण लिहीत असे?

‘मंकीज’ किंवा ‘आर्चीज’ हे बँड केवळ मालिकांसाठी निर्माण केले गेले असतील, तर त्यांची गाणी कोणाची, असे आपण विचारले आहे. ती व्यावसायिक गीतकारांची होती, आणि ती आजही टिकून आहेत याचे श्रेय मी प्रथम त्यांनाच देईन.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘मंकीज’ ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या संगीताची सूत्रे डॉन कर्शनर यांच्याकडे होती आणि न्यूयॉर्कमधील उत्तमोत्तम गीतकार त्यांच्या परिचयाचे होते. ‘आय अ‍ॅम अ बिलीव्हर’ नील डायमंड यांनी लिहिले, तर ‘प्लेझंट व्हॅली संडे’ गेरी गॉफिन आणि कॅरोल किंग यांनी. मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ते टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट यांचे ‘लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल’, कारण वरवर प्रेमगीत वाटणाऱ्या या गाण्यात व्हिएतनाम युद्धावर निघालेल्या आणि परत येऊ की नाही याची खात्री नसलेल्या तरुणाचा निरोप दडलेला आहे. मुलांनी हसत पाहायच्या मालिकेत हे खपून गेले, हेच नवल!

आपल्याकडे पडद्यावरील नायकाने दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवले तर त्यात कोणाला वावगे वाटत नाही. परंतु बीटल्समुळे बँडने स्वतःच लिहावे आणि वाजवावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या तिथल्या रसिकांना ‘मंकीज’ ही फसवणूक वाटली. खुद्द कलाकारांनाही हे जाचत होते. स्वतः उत्तम गीतकार असलेल्या मायकेल नेस्मिथ यांनी बंडाचा पवित्रा घेतला, १९६७ मध्ये कर्शनर यांना जावे लागले आणि ‘हेडक्वार्टर्स’ या अल्बमवर बँडमधील चौघांनी बहुतांश वाद्ये स्वतः वाजवली.

कर्शनर यांनी यानंतर धरला तो ‘आर्चीज’ हा बँड व्यंगचित्रांचा होता; कागदावरचा आर्ची हुज्जत घालणार कशी? ‘शुगर, शुगर’ हे जेफ बॅरी आणि अँडी किम यांचे गाणे रॉन डान्टे यांनी गायले, परंतु तबकडीवर नाव झळकले ते आर्चीजचे, आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या वार्षिक यादीत ते १९६९ चे पहिल्या क्रमांकाचे गाणे ठरले. याच बॅरी यांनी ‘आय अ‍ॅम अ बिलीव्हर’ची निर्मितीही केली होती.

‘पार्ट्रिज फॅमिली’ या मालिकेतील बँडचे १९७० मधील ‘आय थिंक आय लव्ह यू’ टोनी रोमिओ यांचे. तेथे निदान डेव्हिड कॅसिडी हे मालिकेतील अभिनेते स्वतः गात होते.