समुद्रावर जायची पायवाट जमीनमालकाने कुंपण घालून अडवली, तर गावकऱ्यांनी काय करावं?

मी शहादा तालुक्यातला. समुद्र आमच्यापासून लांब, पण तापी शिवाराला लागून आहे आणि नदीच्या वाटेवरून आमच्या गावात दोन वर्षं भांडण चाललं. तुम्ही लिहिलंय, किनारा सरकारी आहे, मग मालक अडवतो कसा? आम्हीही हेच विचारत होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदीनाले सरकारचे, हे खरं. पण म्हणून मधलं वावर सरकारी होत नाही. भांडायचं ते वाटेसाठी, पाण्यासाठी नाही.

आमच्याकडे काठचं वावर विकलं गेलं. नव्या मालकाने पपई लावली, तारकंपाउंड ठोकलं, रानडुकरांसाठी झटका मशीन बसवलं. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाचा सोमवार आला. बाया चौरंग डोक्यावर घेऊन तारेपाशी आल्या, पलीकडे तो उभा. "हाई मन्हं वावर शे, आठून जावानं नई." (हे माझं शेत आहे, इथून जायचं नाही.) पोरं तारा तोडायला निघाली होती, म्हाताऱ्यांनी आवरलं. त्या दिवशी तीन किलोमीटरचा फेरा घालून पुलाकडून गेलो.

सरपंच म्हणाले, हात जोडून परवानगी मागू. वकिलाने अडवलं, आणि त्यांचा तेवढा एक सल्ला सोन्यासारखा होता. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो, पण ती वहिवाट उघड, बिनतक्रार आणि हक्काने केलेली लागते. मेहरबानीने मिळालेली वाट त्यात धरत नाहीत. सबंध गावाच्या वाटेसाठी त्याच कायद्याचं कलम १८, म्हणजे रूढीचा हक्क. तेव्हा बोलणी जरूर करा, पण "जाऊ द्या ना" असा अर्ज लिहून देऊ नका.

दुसरं, उशीर करू नका. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. आमचे चार महिने पारावर बसून शिव्या देण्यात गेले.

खरा निकाल लावला तो गाव नकाशाने. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून नक्कल काढली. त्यात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एक तुटक रेषा म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. आमची तुटक रेषा सापडली. सगळे खूश. मग मोजणी झाली आणि तोंडं उतरली, कारण नकाशातली वाट बांधाच्या कडेने होती. आम्ही वर्षानुवर्षं वावराच्या मधून तिरपं जात होतो. जवळ पडतं म्हणून आधी कोणीतरी गेलं, मग सगळेच. म्हणजे वाट आमची होती, पण आम्ही चालत होतो ती नव्हे.

मालकाचं गाऱ्हाणंही तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. रात्री वाळूचे ट्रॅक्टर याच वाटेने घुसत, ठिबकच्या नळ्या चिरडत; सकाळी सऱ्यांमध्ये दारूच्या बाटल्या. त्याचा राग कानबाईवर नव्हताच. (ट्रॅक्टर कोणाचे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सभेत कोणी बोललं नाही.)

तुमच्याकडे किनारा असल्यामुळे आणखी एक हत्यार आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या केंद्राच्या नियमांच्या, १९९१ च्या अधिसूचनेतच किनाऱ्यावरच्या हॉटेलांना अट होती की कुंपणाने लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडता कामा नये आणि दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटरची मोकळी जागा हवी. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नवीन अधिसूचना आल्या. म्हणून तो रिसॉर्टवाला असेल तर त्याला परवानगी कधी आणि कोणत्या अटींवर मिळाली, हे माहितीच्या अधिकारात मागवा. साधा बागायतदार असेल तर आधी गाव नकाशा, आणि वाट चाललेल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब. ती माणसं आहेत तोवरच घ्या.

आमच्याकडे शेवटी बांधाच्या कडेची तार त्याने मागे घेतली. तोंडाशी लोखंडी पाइप रोवले, दोन पाइपांत साधारण साडेतीन फूट अंतर. ट्रॅक्टर जात नाही. यंदा कानबाईचा चौरंग जरा तिरपा करून त्यातून नेला.