‘आ कापेला’तला ‘आ’ नकाराचा नाही

प्रश्न असा आहे: ‘वाद्यांशिवाय गातात त्याला अकापेला म्हणतात. यातला अ अभावाचा आणि कापेला म्हणजे वाजवणाऱ्यांचा ताफा, ही फोड बरोबर का? आमच्या मंडळीत पाहुणे आलेल्या एका उपदेशकांनी ती सांगितली. वर म्हणाले, शब्दातच आहे बघा, ख्रिस्ती उपासनेत वाद्य चालत नाही. तेव्हापासून पेटी कपाटात आहे.’

पेटी बाहेर काढा. फोड साफ चूक आहे. गाण्याच्या स्पर्धांचे निवेदक, कॉलेजातली गाणारी मुलं, आता उपदेशकही. सगळीकडे हाच गोंधळ ऐकू येतो. पुढे अ दिसला की आपण संस्कृतातला नकार चिकटवून मोकळे होतो. अत्तर, अबीर, अलमारी यांतला अ कशाचा अभाव दाखवतो? शब्द इटालियन आहे आणि एक नसून दोन आहेत: ‘आ काप्पेल्ला’. आ म्हणजे ‘-च्या धर्तीवर’. काप्पेल्ला म्हणजे चॅपेल, लहानसं प्रार्थनागृह. चॅपेलच्या धर्तीवर गायलेलं, एवढाच अर्थ. त्यात वाद्याचं नाव नाही आणि नकारही नाही. म्हणून लिहिताना ‘अकापेला’ असं जोडून लिहू नये, ‘आ कापेला’ असं सुटं लिहावं. निम्मा घोटाळा तिथेच मिटतो.

आता चॅपेल हा शब्द कुठून आला ते पाहा, कारण इतकी सुंदर व्युत्पत्ती क्वचित सापडते. फ्रान्समधलं आमियाँ गाव, चौथं शतक. रोमन सैन्यातला मार्टिन नावाचा तरुण शिपाई वेशीजवळ थंडीने काकडणारा एक भिकारी पाहतो. द्यायला जवळ काही नाही, म्हणून अंगावरच्या झग्याचे तलवारीने दोन तुकडे करतो आणि एक त्याला देतो. हा मार्टिन पुढे तूर शहराचा बिशप झाला, 397 मध्ये वारला, संत म्हणून पूजला गेला. उरलेला झगा म्हणून जपलेलं वस्त्र फ्रँक राजांच्या ताब्यात आलं. राजे ते लढाईवर बरोबर नेत, त्याच्या साक्षीने शपथा घेतल्या जात. उत्तरकालीन लॅटिनमध्ये अशा झग्याला काप्पा म्हणत आणि त्याचं लघुरूप काप्पेल्ला, म्हणजे आपल्याकडे झग्याचं झगुलं होतं तसं. ते सांभाळणारे पुरोहित ते काप्पेल्लानी. इंग्रजीतला चॅप्लेन तो हाच. झगुलं ठेवायची जागा तीही काप्पेल्ला झाली, मग राजवाड्यातलं कुठलंही खासगी प्रार्थनागृह, आणि शेवटी त्या प्रार्थनागृहात सेवेला असलेली गाणारी-वाजवणारी मंडळी. वस्त्रावरून वास्तू आणि वास्तूवरून माणसं. केप आणि कॅप हे शब्दही याच काप्पाच्या गोतावळ्यातले.

‘वाजवणारी’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. उपदेशकांच्या फोडीचा दुसरा तुकडा, कापेला म्हणजे वाजवणाऱ्यांचा ताफा, हा जर्मनपुरता खरा आहे आणि तो त्यांच्याच विरुद्ध जातो. जर्मनीत कापेले म्हणजे चक्क वाद्यवृंद. ड्रेस्डेनचा वाद्यवृंद आपला उगम 1548 मध्ये सांगतो, त्याचं नाव श्टाट्सकापेले. योहान सेबास्टियन बाख 1717 ते 1723 क्योथेनच्या दरबारात कापेलमाइस्टर, म्हणजे संगीतप्रमुख होता. हा दरबार कॅल्व्हिनपंथी, म्हणजे उपासनेत संगीताचा थाट नको म्हणणारा. त्यामुळे चर्चसाठी त्याला तिथे फारसं काही लिहावं लागलं नाही आणि त्या वर्षांतलं त्याचं बहुतेक संगीत निव्वळ वाद्यांसाठी आहे. म्हणजे हुद्द्यात कापेला, हाताखाली व्हायोलिनवाले. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस जोव्हान्नी गाब्रिएलीच्या रचनांत गायकांबरोबर कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन घुमत होते, तेही देवळाच्या गाभ्यात. तिथल्या संगीतप्रमुखाचा हुद्दा ‘माएस्त्रो दि काप्पेल्ला’.

मग ‘वाद्यांविना’ हा अर्थ आला कुठून? रोममधल्या एका चॅपेलमुळे. पोप सिक्स्तुस चौथा याने बांधलेल्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गन नव्हता आणि पोपचा गायकवर्ग नुसत्या गळ्यावर गात असे. इतरत्र मात्र ‘चॅपेलच्या धर्तीवर’ म्हणजे जुन्या गंभीर चर्चशैलीत, एवढंच. त्या शैलीत गळ्याला वाद्यांनी साथ दिली तरी कुणाची हरकत नसे. एकोणिसाव्या शतकात जुन्या संगीताचं वेड पसरलं, लोकांच्या डोळ्यांपुढे सिस्टीन होतं, आणि ‘चॅपेलसारखं’चं ‘वाद्यांशिवाय’ झालं. इंग्रजी कोश आज हाच अर्थ पहिला देतात. रूढ अर्थ म्हणून द्यावा, पण त्यावरून पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेबद्दल निष्कर्ष काढू देऊ नये.

ज्या फ्रँक राजांकडे तो झगा होता त्यांच्याकडेच ऑर्गनही आला, हे मला फार आवडतं. 757 मध्ये बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन पाचवा याने पेपिन राजाला भेट म्हणून ऑर्गन पाठवला. पूर्वेकडे ते दरबारी थाटाचं यंत्र होतं, उपासनेशी त्याचा संबंध नव्हता. 826 मध्ये गेओर्गियुस नावाच्या व्हेनिसच्या पाद्रीने आखेनच्या राजवाड्यासाठी दुसरा बांधला. आखेनचं फ्रेंच नाव काय? एक्स-ला-शापेल. चॅपेल आणि ऑर्गन एकाच गावात, एकाच राजवाड्यात.

ऑर्गन हा शब्दही फसवा आहे. ग्रीकमध्ये ऑर्गानोन म्हणजे कुठलंही हत्यार, अवजार. लॅटिन बायबलात 150व्या स्तोत्रात ‘ऑर्गानो’ येतो म्हणून काही भाविक दाविदाच्या काळात ऑर्गन होता असं सांगतात. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुमारासच बजावून ठेवलं आहे की ऑर्गाना म्हणजे सगळी वाद्यं, नुसतं भात्याने वाजणारं ते मोठं धूड नव्हे.

आता खऱ्या भांडणाकडे येतो, कारण वाद्य नको म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा ‘आ कापेला’वर उभा नसून एका ग्रीक धातूवर उभा आहे: प्साल्लो. पौलाच्या इफिसकरांस पत्रात, 5:19 मध्ये, गाणे या क्रियापदाला जोडून हा येतो. या एका शब्दावरून अमेरिकेत घरं फुटली. केंटकीतल्या मिडवे गावच्या मंडळीने 1860 च्या आसपास छोटा मेलोडियन, म्हणजे पेटीसारखं वाद्य आणलं, वाद पेटला, आणि 1906 च्या सरकारी धर्मगणनेत वाद्य न वापरणारे चर्चेस ऑफ ख्राइस्ट वेगळे नोंदले गेले. भांडणाला इतरही कारणं होती, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते वाद्य. 1911 मध्ये एम. सी. कर्फीस यांनी ग्रंथभर मांडलं की नव्या करारात प्साल्लो म्हणजे फक्त गाणे. 1920 मध्ये ओ. ई. पेन यांनी तेवढाच जाड ग्रंथ लिहून उलट सांगितलं: धातूतच तार छेडणं आहे, तेव्हा वाद्य हवंच.

पेन यांना धातूचा मूळ अर्थ बरोबर सापडला होता आणि तो अर्थ मोठा गोड आहे. प्साल्लो म्हणजे ओढून सोडणे. एस्किलसच्या नाटकात शोकाने केस उपटायला हा शब्द, युरिपिडीसच्या नाटकात धनुष्याच्या दोरीला हा शब्द. मग वीणेच्या तारेला. तारेवर गायलेलं ते प्साल्मोस, आणि त्यावरून इंग्रजीतला साम (psalm), आपण ज्याला स्तोत्र म्हणतो तो. पण माझा जीव अडकला आहे तो चौथ्या उपयोगात. एका जुन्या ग्रीक कवितेत सुतार आपली हत्यारं देवाला वाहतो, त्यांत लाल रंगात माखलेली दोरी आहे, आणि तिचं वर्णन प्साल्लोने केलं आहे. ज्यांनी सुताराला काम करताना पाहिलं आहे त्यांना सांगायला नको: फळीवर गेरूची दोरी ताणून दोन्ही टोकं धरतात, मध्ये चिमटीत उचलून सोडतात, टण्‌ असा आवाज होतो आणि फळीवर सरळ लाल रेघ उमटते. याला सूत मारणं म्हणतात. आणि आपला सुतार कोण? सूत्रधार. दोरी धरणारा. संस्कृतात सूत्रधार सुतारही आणि नाटक चालवणाराही. ग्रीकमध्ये तीच दोरी छेडणं संगीतात गेलं, आपल्याकडे ती धरणारा रंगभूमीवर गेला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच दोरीपासून कलेपर्यंत मजल मारली, असं मी मानतो. हा योगायोग आहे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. ताणलेली दोरी हे माणसाचं आरंभीचं अवजार, आणि आरंभीचं वाद्यही तेच, यात मला नवल वाटत नाही. येशूला नासरेथचे लोक सुतार म्हणत, हेही या जागी आठवल्यावाचून राहत नाही.

पण धातूचा मूळ अर्थ म्हणजे शब्दाचा सदाचा अर्थ, असं पेन समजले आणि तिथे त्यांची घसरगुंडी झाली. पुरावा जिवंत आहे. ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही गाणाऱ्याला प्साल्तिस म्हणतात, आणि हा प्साल्तिस तारेला बोटसुद्धा लावत नाही. तिथली उपासना परंपरेने नुसत्या गळ्यावर चालते. धातू छेडण्याचा, माणूस गाणारा. थेअरचा ग्रीक-इंग्रजी कोशही नव्या करारापुरता ‘स्तोत्र गाणे’ हाच अर्थ देतो. म्हणजे कर्फीस जिंकले? तेही नाही. प्साल्लो म्हणजे गाणे एवढं सिद्ध झालं तर ‘वाजवू नका’ हे त्यातून कसं निघतं? ‘जेवायला या’ म्हटल्याने पाणी पिण्याची बंदी होत नाही. पेन यांनी धातूवर फार भरवसा टाकला, कर्फीस यांनी शास्त्राच्या मौनावर.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हा गुंता एका शब्दात सोडवला. इफिस 5:19 उघडा: प्रभूला ‘गायनवादन करा’ असं तिथे आहे. गायन पहिल्या क्रियापदाला, वादन प्साल्लोला. पेन यांना हा शब्द दाखवला असता तर हर्ष झाला असता. भाषांतर म्हणून मला तो थोडा जास्त वाटतो, कारण त्याच वाक्यात ‘अंतःकरणात’ आहे, आणि अंतःकरणात पेटी वाजत नाही. पण ज्या मंडळीच्या बायबलात ‘वादन’ छापलेलं आहे, त्या मंडळीला शब्दाचा दाखला देऊन पेटी बंद करायला सांगणं हे मात्र अजब.

वाद्य नको म्हणणाऱ्यांची परंपरा खोटी नाही. धर्मपंडित थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात लिहितो की यहुद्यांचं अनुकरण वाटू नये म्हणून चर्च वीणा-प्साल्तेरियम अशी तारवाद्यं वापरत नाही. प्साल्तेरियम हे नावही आपल्या प्साल्लोचंच. स्विस धर्मसुधारक त्झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा. त्याच्या झुरिकमध्ये 1527 मध्ये ऑर्गन उतरवला गेला. पण तिथे गाणंही बंद झालं होतं आणि ते 1598 मध्ये परतलं, हे त्झ्विंग्लीचा हवाला देणारे सांगत नाहीत. पोप दहावा पायस याने 1903 मध्ये चर्चमधून पियानो हद्दपार केला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना वाट दिली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने 2010 मध्ये वाद्यांना मोकळीक दिली. इथिओपियात तर शतकानुशतकं मोठा ढोल आणि खुळखुळ्यासारखं सिस्ट्रम घेऊनच स्तवन चालतं. हे सगळे निर्णय आहेत, वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळ्या कारणांनी घेतलेले. शब्दार्थातून यांतला एकही निघालेला नाही.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा बाज मराठी उपासनेत आणला, आणि टाळ-पेटीवाचून भजन रंगत नाही.

शेवटी गोवा, कारण कापेला हा शब्द आपल्या सगळ्यांत जवळ तिथेच राहतो. कोंकणीत लहान प्रार्थनागृहाला कपेल म्हणतात. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चला जोडून धर्मग्रामाची शाळा असे, आणि तिथल्या संगीतशिक्षकाचा हुद्दा ‘मेस्त्रे द कापेला’. मुलांना तो सोल्फेज, म्हणजे सुरांची वाचणी शिकवी, आणि व्हायोलिन हातात देई. मिस्साच्या वेळी गायकवर्ग सांभाळायचा तोही यानेच. याच शाळांतून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात ओळीने बसले. ज्याच्या हुद्द्यातच कापेला होतं त्याच्या हातात व्हायोलिन होतं. मेस्त्रे म्हणजे उस्ताद. गोव्यात त्याचं मेस्त झालं. मराठीत तोच पोर्तुगीज शब्द मेस्त्री, मिस्त्री होऊन गवंड्याला लागला आणि सुतारालाही, सूत मारणाऱ्याला.