क्लिकला मोजलेले पैसे कुठे जातात?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची ३०० कलमांची बाग आहे. आजवर माल वाशीला दलालाकडे जायचा. गेल्या हंगामात पुतण्याने वेबसाइट करून दिली आणि एप्रिलमध्ये आम्ही गूगलवर जाहिरात केली. जाहिरातीचं बिल १८,००० रुपये आणि वर कर. ९०० जणांनी क्लिक केलं, पण वेबसाइटवरून पेट्या गेल्या अवघ्या ११. पाच डझनांच्या पेटीमागे तोडणी, खोका, पेंढा, कुरिअर वजा जाता आम्हाला ८५० रुपये सुटतात. घरात सगळे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. यंदा पुन्हा करावी का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आधी हिशेब पुरता मांडू. १८,००० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तुमच्या खिशातून गेले २१,२४० रुपये. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेला हा कर कुठे वळताही करता येत नाही. तो खर्चातच धरायचा. एक क्लिक पडला २३ रुपये ६० पैशांना. पेटीमागे ८५० सुटतात, तर ३६ क्लिकमागे एक पेटी गेली की तुमचं तोंडमिळवणीचं गणित जमतं. तुमची गेली ८२ क्लिकमागे एक. हा ३६ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, यंदा दर आठवड्याला त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

आता ते ९०० जण कोण होते ते शोधू.

२०१६ साली मी कुडाळहून काजूगर विकायला पहिल्यांदा अशी जाहिरात केली. तेव्हा तिला गूगल अ‍ॅडवर्ड्स म्हणायचे, ‘गूगल अ‍ॅड्स’ हे नाव २०१८ चं. दहा दिवसांत ६,००० रुपये गेले. फोन मात्र खूप येत होते आणि मी हरखून गेले होते. मग लक्षात आलं की निम्मे लोक विचारतायत, काजू फोडायच्या मशीनची किंमत काय. काहींना ‘वेंगुर्ला-४’ या काजूच्या जातीची कलमं हवी होती. एका बाईंनी तर काजूकतली भुसभुशीत का होते ते विचारलं. ती सगळी गरजू माणसं होती, पण त्यांना माझे काजूगर नको होते, आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे मी भरत होते. कारण मी जाहिरातीसाठी शब्द दिला होता नुसता ‘काजू’, आणि जुळणी ठेवली होती ‘ब्रॉड मॅच’. आपण काही बदललं नाही तर गूगल हीच जुळणी धरतं. त्यात ‘काजू’शी दूरचं नातं असलेल्या शोधालाही तुमची जाहिरात दिसू शकते.

तुमच्याकडेही तेच झालं असणार, असा माझा अंदाज आहे. खात्री करून घ्यायला खात्यात ‘सर्च टर्म्स’ नावाची यादी असते. तुम्ही दिलेले शब्द वेगळे आणि लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द वेगळे. ही यादी त्या दुसऱ्या शब्दांची. त्यात सगळेच शोध दिसत नाहीत, पण जेवढे दिसतात तेवढे पुरतात. पुतण्याला शेजारी बसवून गेल्या एप्रिलची यादी उघडा आणि ओळन् ओळ वाचा. ‘वाशी मार्केट आंबा भाव आज’, ‘हापूस कलम किंमत’, ‘आंबा मोहोर फवारणी’, ‘कैरीचं लोणचं’ असले शोध निघाले की पैसे कुठे गेले ते कळेल. तसे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून टाकायचे, म्हणजे हे शब्द ज्याने लिहिले त्याला आपली जाहिरात दिसत नाही. इथे मराठीत एक मेख आहे. नको असलेल्या शब्दांची रूपं गूगल आपणहून ओळखत नाही. ‘लोणचं’ टाकलंत तर ‘लोणचे’ अडत नाही, दोन्ही टाकावे लागतात. ‘कलम’ आणि ‘कलमे’ही तसंच. शिवाय आपली माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, तेही प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेने. त्या अक्षरांतही हे सगळे शब्द द्या.

हवे असलेले शब्द मात्र थोडे आणि नेमके ठेवा, आणि जुळणी ‘फ्रेज’ (शोधात आपल्या शब्दांचा अर्थ आला पाहिजे) किंवा ‘एक्झॅक्ट’ (शोधाचा अर्थ नेमका तोच हवा). ‘देवगड हापूस पेटी’, ‘हापूस आंबा घरपोच पुणे’, ‘देवगड हापूस ऑनलाइन’. हे लिहिणाऱ्याच्या हातात पाकीट आहे. नुसतं ‘आंबा’ लिहिणारा शाळेतला निबंध लिहीत असेल.

जागेचं बघा. पुणे निवडलं की जाहिरात पुण्यातच दिसते, असं आपल्याला वाटतं. पण मूळ निवड अशी असते की पुण्यात असलेले आणि पुण्यात ‘रस दाखवणारे’ अशा दोघांना ती दिसावी. तिथे ‘फक्त त्या जागी असलेले’ हा पर्याय निवडायचा. कुरिअर दोन दिवसांत जिथे पोचत नाही तिथल्या क्लिकचे पैसे देण्यात अर्थ नाही, कारण अढीतलं फळ कोणासाठी थांबत नाही. मोहीम तयार करताना ‘डिस्प्ले नेटवर्क’वर, म्हणजे इतर वेबसाइटांवर जाहिरात दाखवण्यावर, खूण केलेली असते, तीही काढून टाका. नाहीतर आंब्याचा विचारही मनात नसलेल्या माणसाला बातम्या वाचताना तुमची जाहिरात दिसते आणि अंगठा चुकून तिच्यावर पडतो.

तुमची वेबसाइट मी उघडून पाहिली. जाहिरातीवर क्लिक केलं की माणूस मुखपृष्ठावर उतरतो आणि तिथे बागेचा मोठा फोटो व आजोबांची गोष्ट आहे. गोष्ट सुरेख आहे, ती काढू नका. पण जाहिरातीतून येणाऱ्याला थेट पेटीच्या पानावर उतरवा. फळ किती ग्रॅमचं, पेटीत किती डझन, आजचा भाव, कुठल्या पिनकोडला किती दिवसांत, नैसर्गिक पिकवलेलं का, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. हे सगळं मोबाइलवर बोट दोनदा सरकवलं की दिसलं पाहिजे. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची त्यात वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तर तो क्रमांक इथे छापा. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून गळ्यात पडलेल्या मुंबईकराला त्या क्रमांकाने धीर येतो.

आणखी एक गोष्ट मला खटकली. ११ पेट्या ‘वेबसाइटवरून’ गेल्या असं तुम्ही म्हणता. फोनवरून किती गेल्या? हापूस घेणारा माणूस आधी फोन करतो, आवाज ऐकतो, मग पैसे पाठवतो. त्या पेट्या जाहिरातीच्या खात्यात कुठेच धरलेल्या नाहीत. यंदा पुतण्याला ‘कन्व्हर्जन’ मोजणी लावायला सांगा, म्हणजे फोनच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर दाबलेलंही मोजलं जाईल. शिवाय फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा, आमचा पत्ता कुठून मिळाला? उत्तर वहीत.

तर होय, यंदा करा. पण फक्त मुंबई आणि पुणे, दिवसाला ३०० रुपये, गुढीपाडव्याच्या आसपास दोन आठवडे. एखाद्या दिवशी गूगल दुपटीपर्यंत, म्हणजे ६०० खर्च करू शकतं, तेव्हा घाबरू नका. महिन्याचा एकूण खर्च रोजच्या रकमेच्या ३०.४ पटींपुढे जात नाही. दोन आठवड्यांनी ३६ च्या आत असाल तर अक्षय्य तृतीयेपर्यंत वाढवा. नसाल तर थांबा आणि मला ती यादी पाठवा. आणि गेल्या वर्षीच्या त्या ११ घरांना आजच फोन करा. त्यांना दुसऱ्यांदा क्लिक करावं लागत नाही.

प्रश्न : मी येवल्यात हातमागावर पैठणी विणतो. मोठ्या साड्यांच्या कंपन्या लाखांनी जाहिरात करतात. बोली लावायची म्हटल्यावर आमच्यासारख्याचा तिथे निभाव लागेल का?
— एक विणकर, येवला

उत्तर : लागेल, पण ‘पैठणी’ या एका शब्दावर नाही.

क्लिकमागे पैसे आणि शब्दांचा लिलाव, ही पद्धत अमेरिकेत १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ने चालू केली. तिथे हिशेब सरळ होता, ज्याची बोली मोठी तो वर. तसंच राहिलं असतं तर तुमची भीती खरी ठरली असती. २००२ साली गूगलने क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा बोलीसोबत आणखी एक गोष्ट धरली : ही जाहिरात लोक खरंच क्लिक करतात का? आज त्यात जाहिरात शोधाशी किती जुळते आणि पुढचं पान किती कामाचं आहे, हेही आलं. कोणी ‘कडियल पैठणी हातमाग’ शोधलं आणि मोठ्या दुकानाने त्याला सगळ्या साड्यांचं पान दाखवलं, तर त्याची ४० रुपयांची बोली तुमच्या २० रुपयांच्या बोलीखाली जाऊ शकते. शिवाय बोली २० ची लावली म्हणून २० द्यावे लागत नाहीत. खालच्याच्या वर राहायला जेवढे लागतात तेवढेच जातात.

म्हणून तुमच्या मागावरचेच शब्द घ्या. कडियल, एकधोटी, मुनिया काठ, बांगडीमोर, असावली. हे शब्द लिहिणाऱ्या बाईला पैठणी कळते आणि तिला महिनाभर थांबायची तयारी असते. ‘सेमी’, ‘स्वस्त’, ‘होलसेल’, ‘ब्लाउज डिझाइन’ हे निगेटिव्हमध्ये. प्रत्येक प्रकाराचं वेगळं पान करा, त्यावर पदराच्या उलट्या बाजूचा फोटो हवाच. हातमागाची ओळख तिथेच पटते, आणि तो फोटो टाकायची सोय यंत्रमागाच्या साडीला नाही. परदेशातल्या मराठी माणसांचा विचार असेल तर तो इथला हंगाम जमल्यानंतर करा. तिथे क्लिक महाग पडतो आणि पाठवणीचा खर्च वेगळा.

प्रश्न : आमचं साताऱ्यात होम-स्टे आहे. एक एजन्सी महिना १२,००० घेते, ‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ देते. खातं त्यांच्याच नावावर आहे, आम्हाला महिन्याला एक रंगीत अहवाल येतो. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. पहिल्या जागेची गॅरंटी कोणालाच देता येत नाही, लिलाव प्रत्येक शोधागणिक नव्याने होतो. आणि खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर, तुमच्या जीएसटी क्रमांकासह असलं पाहिजे. एजन्सीला त्यात काम करायची परवानगी द्यायची, मालकी नाही. आज खातं त्यांचं असल्याने १२,००० पैकी गूगलला किती गेले आणि त्यांची मजुरी किती, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. उद्या त्यांच्याशी बिनसलं तर आजवर जमलेले शब्द, नको असलेल्यांची यादी, आकडे, सगळं त्यांच्याकडे राहील.

एजन्सीशी भांडण काढू नका, त्यांचं काम चांगलंही असू शकेल. एक ईमेल लिहा : खात्याची ‘अ‍ॅडमिन’ परवानगी आमच्या पत्त्यावर द्यावी आणि गेल्या तीन महिन्यांची गूगलची मूळ बिलं पाठवावीत. आठ दिवस थांबा. दिलं तर त्यांच्यासोबत पुढे चला, फक्त सर्च टर्म्सची यादी दर सोमवारी स्वतः वाचा. नाहीच म्हणाले तर तुमच्या नावाने नवं खातं उघडायचं. ते उघडताना पहिल्याच पडद्यावर गूगल ‘स्मार्ट’ मोहिमेकडे नेतं, तिथे ‘एक्स्पर्ट मोड’ निवडा, नाहीतर वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात राहत नाहीत. अडलात तर पडद्याचा फोटो काढून मला पाठवा, पुढच्या अंकाची वाट न बघता उत्तर देईन.